यंदा संक्रांत कशावर?

जानेवारी लागला की लोकांच्या घरी तीळ भाजले जातात आणि आमच्या डेस्कवर जग बुडतं. अगदी वेळेवर बुडतं. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम नावाची, दावोसला परिषद भरवणारी स्वित्झर्लंडमधली संस्था २००६ सालापासून दर वर्षी जागतिक धोक्यांचा एक अहवाल काढते आणि तो नेमका संक्रांतीच्या आगेमागे येऊन आदळतो. २०२० साली तो १५ जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवशी आला. २०२५ साली पुन्हा १५ जानेवारीलाच आला, पण त्या वर्षी संक्रांत आदल्या दिवशी होऊन गेली होती. म्हणजे अहवाल किंक्रांतीला. तिकडच्या लोकांना पंचांगातलं काही कळत नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यानं पाहिलेलं, तिसऱ्यानं लिहिलेलं, चौथ्याच्या नावावर छापायचं आणि पाचव्याच्या शिव्या खायच्या, हे उपसंपादकाचं काम. देश-विदेशचं पान माझ्याकडे असल्यामुळे जगाच्या विनाशाची बातमीही ओघानं माझ्याकडेच येते. वृत्तसंपादक काचेच्या खोलीतून मान बाहेर काढतात.

"आलं का ते दावोसचं?"

"आलं, साहेब. शंभरावर पानं आहेत."

"अडीचशे शब्द करा."

"अडीचशे शब्दांत जगाचा विनाश?"

"दोनशेत बसवलात तरी चालेल. आणि शेवट जरा आशादायक करा. सणाचा दिवस आहे."

आता या अहवालाचा गाभा काय, तर एक पाहणी. धोके प्रत्यक्ष मोजायचे म्हणजे समुद्राची पातळी बघा, बँकांचे ताळेबंद उघडा, कुणाच्या तळघरात किती अणुबॉम्ब आहेत ते डोकावून पाहा, अशी वणवण आली. त्यापेक्षा जगभरच्या तज्ज्ञांना गाठायचं आणि विचारायचं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" प्राध्यापक, उद्योगपती, सरकारी अधिकारी, आंतरराष्ट्रीय संस्थांमधली माणसं आणि स्वयंसेवी संस्थांमधली माणसं अशी ही मंडळी. त्यांच्याकडे फॉर्म जातो. त्यात तीस-पस्तीस धोक्यांची यादी असते; २०२५ च्या अहवालात तेहतीस होते. कर्ज, युद्ध, दुष्काळ, साथी, भूकंप, विषमता, प्रदूषण, अण्वस्त्रं, बिघडलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळं आलं. प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे. पानं सुटायच्या वेळी सर्व्हर बसणं हा धोका यादीत नाही, यावरून ती करणाऱ्यांमध्ये एकही उपसंपादक नसणार हे उघड आहे.

२०२४ च्या अहवालासाठी १,४९० तज्ज्ञांनी उत्तरं दिली. पुढच्या वर्षी आकडा नऊशेच्या थोडा वर. एका वर्षात काही शे तज्ज्ञ कमी झाले. त्यांचं काय झालं? ते वर्तवलेल्या धोक्यांपैकी एखाद्यात सापडले, की तेविसाव्या धोक्याला पाच द्यावेत की सहा या विवंचनेत जेवणाची वेळ झाली म्हणून उठले? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

धोक्यांना रंगही दिलेले असतात. आर्थिक निळे, पर्यावरणाचे हिरवे, भूराजकीय केशरी, सामाजिक लाल, तंत्रज्ञानाचे जांभळे. आमचं देश-विदेशचं पान कृष्णधवल असल्यामुळे हे सगळे धोके छापून एकाच राखाडी रंगात येतात. एका वाचकानं फोन करून विचारलं होतं, "तुम्ही ते पाच काळे चौकोन कशाबद्दल छापलेत?" मी म्हटलं, "जगाच्या भवितव्याबद्दल." तो म्हणाला, "मग बरोबर आहे."

एकूण जगाबद्दल काय वाटतं, असाही प्रश्न असतो. त्याला उत्तरं हवामानाच्या भाषेत द्यायची: वादळी, खवळलेलं, अस्थिर, स्थिर, शांत. २०२५ च्या अहवालात पुढच्या दोन वर्षांसाठी ५२ टक्के तज्ज्ञांनी 'अस्थिर'वर बोट ठेवलं आणि दहा वर्षांसाठी ६२ टक्क्यांनी 'वादळी' किंवा 'खवळलेलं' म्हटलं. 'अस्थिर' ही चौकट मोठी सोयीची. जग बुडालं तर "आम्ही म्हटलं होतं," आणि नाही बुडालं तर "बुडेल असं कुठे म्हटलं होतं?" मला कुतूहल आहे ते 'शांत'वर खूण करणाऱ्याचं. असा शेकड्यात एखादाच निघतो. तो एक तर सिद्धपुरुष असला पाहिजे, नाहीतर त्याच्याकडे पेपर येत नसला पाहिजे.

आमच्या घरी हाच अहवाल पंचांगाच्या अर्ध्या पानात असतो. आई चष्मा लावून तो मोठ्यानं वाचते. संक्रांत यंदा कशावर बसून आली, उपवाहन काय, वस्त्र कुठल्या रंगाचं, हातात शस्त्र कोणतं, कपाळाला टिळा कसला, काय खाते आहे, कोणत्या फुलाचा वास घेते आहे, कुठल्या दिशेकडून येऊन कुठे निघाली आहे आणि जाता जाता मान वळवून बघते आहे कुठे. तिनं जे नेसलं ते महाग, जे खाल्लं ते महाग, आणि ती जिकडे निघाली तिकडच्या लोकांचं काही खरं नाही. वाहनांमध्ये सिंह-वाघापासून गाढव-कोंबड्यापर्यंत सगळी व्यवस्था आहे.

"कोंबड्यावर बसून कितीशी लांब जाणार, आजी?" भाच्यानं एकदा विचारलं.

"जाते ती. तू पानं मांड."

मी आईला दावोसचा अहवाल थोडक्यात सांगितला. म्हटलं, "यंदा तिकडच्या तज्ज्ञांना युद्धाची धास्ती आहे."

"आमच्यात शस्त्र दिलेलंच असतं. दिशा कोणती म्हणतात?"

"ते दिशा सांगत नाहीत."

"मग माणसानं जपायचं कुठे?"

हा प्रश्न अडीचशे शब्दांत बसणारा नव्हता. आईच्या अहवालाला आणखी एक शेपूट असतं. खाली उपाय दिलेला असतो: तीळ, गूळ, वस्त्र, नवं भांडं दान करा. दावोसच्या अहवालाच्या शेवटी राष्ट्रांनी परस्पर सहकार्य वाढवावं असा सल्ला असतो. त्या मानानं नवं भांडं देणं पुष्कळच स्वस्त पडतं.

या वर्षी वृत्तसंपादकांच्या मनात आलं की बातमीत नावीन्य हवं. त्यांनी मला संदर्भ विभागात पाठवलं. "जुने अहवाल काढा. तज्ज्ञांचं किती खरं ठरलं ते बघा. अँकर करू." अँकर म्हणजे पहिल्या पानाच्या तळाची बातमी. आयुष्यात एखाद्या उपसंपादकाला एवढाच मोठेपणा मिळतो, म्हणून मी धूळ खात बसलो.

२००७ च्या यादीत परिणामांच्या दृष्टीनं सर्वात वरचा धोका होता मालमत्तांच्या किमती कोसळण्याचा. दुसऱ्याच वर्षी, २००८ च्या सप्टेंबरात, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि सगळं कोसळलं. म्हणजे तज्ज्ञांचं बरोबर होतं. पण तेव्हा कुणी ऐकलं नाही, कारण शेअर बाजार चढता होता आणि चढत्या बाजारात इशारा देणारा माणूस घरच्यांनाही अशुभ वाटतो.

मग २०२० चा अहवाल सापडला. तज्ज्ञांनी त्या वर्षी एक विक्रम केला होता. सर्वाधिक शक्यता असलेले पाचच्या पाच धोके पर्यावरणाचे. पाहणीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं. साथीचे रोग? परिणामांच्या यादीत दहावे. शक्यतेच्या पहिल्या दहांत त्यांना जागाच नव्हती. २१ ते २४ जानेवारीला दावोसला परिषद भरली, आणि मधल्या दिवशी, २३ तारखेला, तिकडे चीनमध्ये करोनामुळे वुहान शहर बंद झालं. पुढच्या वर्षी, २०२१ च्या अहवालात, परिणामांच्या यादीत साथीचे रोग दिमाखात पहिले. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं मास्क लावून आलं.

मग बाकीचे अहवाल चाळताना मला एक छंदच लागला. अहवाल उलटा धरून आदल्या वर्षीच्या बातम्या ओळखायच्या. २०१५ साली युरोपात निर्वासितांचे लोंढे गेले; २०१६ च्या अहवालात सर्वाधिक शक्यतेचा धोका म्हणून सक्तीचं स्थलांतर. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेल-धान्य महागलं. २०२३ च्या अहवालात पुढच्या दोन वर्षांचा पहिला धोका महागाई. तज्ज्ञ भविष्याकडे तोंड करून बसलेले असतात खरे, पण मांडीवर कालचा पेपर असतो. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं ही फार आनंदाची गोष्ट आहे. पेपर कुणी वाचत नाही, असं लोक म्हणतात. जगाचं भवितव्य सांगणारे वाचतात.

मी हे टिपण घेऊन गेलो. वृत्तसंपादकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "छान. पण स्थानिक अँगल?"

"जागतिक धोक्यांना?"

"आपल्या शहरातल्या तज्ज्ञांना विचारा ना. तोच फॉर्म, तेच गुण. पाच-सहा जण गाठा. संध्याकाळपर्यंत."

दावोसला जे करायला दोन महिने लागतात ते मला पान सुटायच्या आत करायचं होतं.

पहिला फोन अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना केला. ते रोज रात्री वाहिनीवरच्या चर्चेत असतात. सर्वात मोठा धोका कोणता, असं विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता "अर्थव्यवस्था" असं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या पाणीवाल्यांना विचारलंत? काय म्हणाले?"

"अजून विचारलं नाही. पण 'पाणी' म्हणतील."

"ते दुसरं काय म्हणणार? माणसानं स्वतःच्या विषयापलीकडे बघायला शिकलं पाहिजे. लिहून घ्या हे."

मी लिहून घेतलं. पाण्याच्या तज्ज्ञांनी फोन उचलला तेव्हा मागून घरघर ऐकू येत होती. "पुढच्या दहा वर्षांत पाण्याचा प्रश्न…" एवढं बोलून ते थांबले. "जरा थांबा हो, टँकर आलाय. पाइप टाकीत नीट गेला नाही तर सगळं पार्किंगमध्ये वाहून जातं." बऱ्याच वेळानं परत आले. मी विचारलं, "मग पाणी दहा वर्षांच्या रकान्यात टाकू?" ते म्हणाले, "टाका. सात गुण द्या. आणि पटकन सांगा, दुसरा टँकर वळतोय." आत्ता दारात उभ्या असलेल्या धोक्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता, तर मी तरी काय करणार?

सायबर सुरक्षेचे तज्ज्ञ मी बोलतोय यावर विश्वास ठेवायला तयार होईनात.

"तुम्ही पेपरवाले कशावरून? हा आवाज यंत्रानं तयार केलेला असू शकतो."

"साहेब, यंत्राचा आवाज इतका थकलेला कसा असेल?"

हे त्यांना पटलं. त्यांनी फॉर्म भरून एक सुरक्षित लिंक पाठवली. ती आमच्या कार्यालयाच्या संगणक विभागाला संशयास्पद वाटली म्हणून त्यांनी ती उडवली, माझा संगणक तपासायला नेला, आणि मी पुढचा तासभर क्रीडा पानाच्या खुर्चीवर बसून एका रणजी सामन्याच्या धावफलकाशेजारी जगाचा नाश टाइप करत होतो. बंगालच्या दुसऱ्या डावात अवांतर धावांच्या जागी 'जैवविविधतेचा ऱ्हास' जाणार होता, तो वेळेत पकडला.

साथरोगांचे डॉक्टर पहिल्यांदा उखडलेच. "आता विचारताय? हे २०१९ मध्ये विचारायचं." मग मऊ होऊन त्यांनी फॉर्म पेनानं भरला आणि फोटो पाठवला. त्यात साथीच्या धोक्याला दिलेला आकडा १ आहे की ७, यावर डेस्कवर चर्चा झाली. डॉक्टरांचं अक्षर ओळखणारा म्हणून खालच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाला वर बोलावलं. त्यानं कागद उजेडात धरला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हे दिवसातून दोनदा, जेवणानंतर." मानवजात वाचणार की नाही, हे त्या आकड्याच्या एका शेपटावर येऊन थांबलं होतं.

तोवर माझ्या मनात नसत्या शंका यायला लागल्या होत्या. तज्ज्ञांना विचारून खरंच काही कळतं का? फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हेच तपासायला आयुष्याची वीसेक वर्षं घातली. २८४ तज्ज्ञांकडून राजकारण आणि अर्थकारणाबद्दल ऐंशी हजारांवर भाकितं घेतली, ती कपाटात जपून ठेवली आणि नंतर काय घडलं ते जुळवून पाहिलं. २००५ साली पुस्तक निघालं. निष्कर्ष असा की सरासरी तज्ज्ञ हा डोळे मिटून बाण फेकणाऱ्या चिंपांझीपेक्षा फारसा सरस नसतो. त्यातही जो जितका प्रसिद्ध, त्याचा नेम तितका वाईट. मी हे वाहिनीवरच्या प्राध्यापकांना कळवावं की नाही या विचारात होतो. पण ते बिचारे रोज रात्री नऊ वाजता बाण फेकायला जातातच.

बरं, सामान्य माणसांना विचारावं, तर त्यांचं वेगळंच. अमेरिकेत ओरेगनमधल्या पॉल स्लोविक आणि सहकाऱ्यांनी तीस गोष्टी देऊन, कशात धोका जास्त ते विचारलं होतं. स्त्री-मतदारांच्या एका संघटनेनं आणि कॉलेजच्या पोरांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला. तज्ज्ञांनी अणुऊर्जेला ढकललं विसाव्या जागी आणि पहिला मान दिला मोटारगाड्यांना. इथे मात्र मी तज्ज्ञांच्या बाजूनं आहे. आमच्या शहरात हा प्रश्न कुणाला विचारायचा तरी आधी रस्ता ओलांडावा लागतो.

आणि आकडे बघा! २००८ साली ऑक्सफर्डला जागतिक संकटांवर एक परिषद झाली. तिथे जमलेल्या तज्ज्ञांना विचारलं की इ.स. २१०० च्या आत मानवजात नष्ट होण्याची शक्यता किती? मधला आकडा निघाला १९ टक्के. वीस नाही, एकोणीस. मी वृत्तसंपादकांना सांगितलं, "याचा मथळा होईल."

"म्हणजे वाचण्याची शक्यता ८१ टक्के?"

"हो."

"अहो, मग हे डिस्टिंक्शन झालं! आशादायक शेवट सापडला तुमचा."

२०२२ साली तर अशाच प्रश्नांवर एक स्पर्धा झाली. भाकितं करण्यात ज्यांचा हात बसलेला आहे असे लोक आणि विषयांचे तज्ज्ञ मिळून १६९ जण. काही महिने त्यांनी एकमेकांना पटवून द्यायचं होतं. चांगल्या युक्तिवादाला बक्षिसंही होती. शेवटी मानवजात या शतकात संपण्याची शक्यता तज्ज्ञांच्या मते सहा टक्के राहिली आणि भाकितवाल्यांच्या मते एक टक्का. महिनोन्‌महिने वाद घालून फारसं कुणी आपल्या जागेवरून हललं नाही. विनाशाबद्दल मतभेद असले तरी माणूस कसा आहे याबद्दल आता दोन्ही बाजूंकडे भरपूर पुरावा जमा आहे.

संगणक परत आला तेव्हा मोबाइलवर काकांचा संदेश येऊन पडला होता. २०२४ आणि २०२५, दोन्ही अहवालांत पुढच्या दोन वर्षांचा पहिला धोका 'चुकीची आणि खोटी माहिती' हा होता. ही बातमी आमच्याच पेपरात छापून आली होती. ती कुणीतरी कापली, फोटो काढला, त्यावर संक्रांतीची माहिती चिकटवली आणि फिरत फिरत ती आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अशी पोहोचली: "युनेस्कोने जाहीर केले! यंदा संक्रांत पिवळ्या वस्त्रात. पिवळे नेसल्यास जागतिक धोका. तज्ज्ञांचे एकमत. दहा जणांना पाठवा." खाली काकांनी स्वतः लिहिलं होतं, "विश्वास ठेवायचा की नाही तुम्ही ठरवा, पण पाठवायला काय जातं?" जगातल्या नऊशे तज्ज्ञांनी खोट्या माहितीला जो पहिला क्रमांक दिला, त्यात काकांचा वाटा लहान नाही.

शेवटचा तज्ज्ञ घराजवळच मिळाला. आमच्या सोसायटीचे चेअरमन स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांना फॉर्ममधले तीन रकाने समजावले: यंदा, दोन वर्षांत, दहा वर्षांत.

"यंदा लिफ्ट," ते म्हणाले. "दोन वर्षांत पार्किंगवरून मारामारी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दहा वर्षांत टाका."

"गच्ची गेल्या चेअरमननीही दहा वर्षांतच टाकली होती."

"मग बरोबरच आहे की. धोरणात सातत्य हवं."

"पण माझ्या बेडरूममध्ये आत्ता गळतंय."

"तो तुमचा स्थानिक धोका झाला," चेअरमन समजावणीच्या सुरात म्हणाले. "आपण जागतिक बोलतोय."

हे ऐकलं आणि मी पुन्हा दावोसचे कागद काढले. २०२५ मध्ये 'यंदा'च्या रकान्यात सर्वात वर होता देशादेशांतला सशस्त्र संघर्ष. दोन वर्षांच्या रकान्यात खोटी माहिती. दहा वर्षांच्या रकान्यात हवामानाचे तडाखे, म्हणजे उष्णतेच्या लाटा, पूर, वादळं. २०२४ मध्येही दहा वर्षांच्या रकान्यात हवामानच पहिलं. २०१७ पासून २०२० पर्यंत, जेव्हा येत्या दहा वर्षांतली शक्यता विचारत असत, तेव्हाही तेच पहिलं. २०१७ ची दहा वर्षं २०२७ ला भरतात, २०२५ ची २०३५ ला. युद्ध दाराशी येतं, महागाई स्वयंपाकघरात शिरते, साथ तर घरातच मुक्काम करते. हवामान मात्र अदबीनं कायम दहा वर्षांवर उभं. त्याला कुणी तिथे उभं केलंय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माझं मृत्युपत्र, वाढलेलं कोलेस्टेरॉल, अक्कलदाढ आणि माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद ही मंडळी त्याच रांगेत उभी आहेत. ती माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघून हात हलवतो आणि आजच्या गडबडीला लागतो.

बातमी तयार झाली. एक चौकट, पाच तज्ज्ञ, डॉक्टरांच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. वृत्तसंपादकांनी वाचली. त्यांना आवडली असं वाटलं, कारण त्यांनी फक्त दोनच परिच्छेद कापले.

"यातला मुख्य धोका कधीचा म्हणालात?"

"दहा वर्षांतला, साहेब."

"मग आज पान एकवर कशाला? आज दावोसलाच आपल्या राज्याचे सामंजस्य करार झालेत. गेल्या वर्षी, २०२५ ला, पंधरा लाख कोटींच्या वर गेले होते. ते आठ कॉलम लावू."

"साहेब, त्याच गावात, त्याच आठवड्यात, एका सभागृहात दहा वर्षांत जग खवळणार आणि दुसऱ्यात दहा वर्षांत लाखो नोकऱ्या येणार, असं चाललंय."

"उत्तम. एक तरी खरं होईल. तुमची बातमी आतल्या पानात घ्या."

आतल्या पानावर गेलो तर पान लावणारा माझी वाटच बघत होता. बोटानं पडद्यावर दाखवत म्हणाला, "इथे टॉवरची अर्धं पान जाहिरात आलीय. खाडीच्या काठी बावीस मजले, प्रत्येक घरातून पाणी दिसणार." उरलेल्या जागेत हळदीकुंकवाच्या वाणांची दुकानं होती. दोन कॉलमांची एक फट शिल्लक होती, पण तिथे वृत्तसंस्थेकडून प्रलयाच्या घड्याळाची बातमी येणार म्हणून त्यानं ती राखून ठेवली होती. अमेरिकेतले अणुशास्त्रज्ञ १९४७ पासून हे घड्याळ लावतात. पहिल्यांदा बाराला सात मिनिटं कमी दाखवली, कारण चित्र काढणाऱ्या बाईंना काटा तिथे शोभून दिसला. २०२५ च्या जानेवारीत ते ९० वरून ८९ सेकंदांवर आणलं होतं.

"गेल्या वर्षीचाच फोटो लावू का?" पान लावणाऱ्यानं विचारलं. "सेकंद-दोन सेकंदांचा फरक कुणाला दिसणार आहे?"

तेव्हा माझी कॉपी मी 'होल्ड'मध्ये टाकली. होल्डमध्ये बातमी शिळी होते असं बाहेरच्यांना वाटतं, पण काही काही कॉप्या पापडासारख्या टिकतात. पुढच्या जानेवारीत बाहेर काढायची, तारीख बदलायची, तज्ज्ञांचा आकडा बदलायचा, करारांचे लाख कोटी बदलायचे. 'येत्या दहा वर्षांत' हे शब्द मात्र आहेत तसेच चालतात.